भुताला जायला वाट

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. तिची सून रडत सांगत होती आणि मी आणखी दोन शेंगा मोडून मग थांबले... हातांना बातमी उशिरा कळते. त्याला आता दीड महिना झाला.

आमची ओळख देवासच्या बालवाडीतली. मी धारहून लग्न होऊन आले, सोबत ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि त्याहून मोठा तोरा. नलू चित्रकला शिकवायची, म्हणजे मुलांकडून भुतं काढून घ्यायची. आज भूत रुसलंय, त्याला कुठला रंग द्यायचा? उद्या त्याला भूक लागायची, परवा ते एकटं पडायचं. पोरं भांडून रंग ठरवायची. काळ्याची बाटली ती वर्गात ठेवतच नसे. काळा हवा तर सगळे रंग कालवून करा, म्हणजे भीतीत काय काय मिसळलंय ते कळतं, म्हणायची. आणि कागदाचा एक कोपरा कोरा ठेवायचा, भुताला जायला वाट म्हणून. हा तिचा कायदा.

मी, बावीस वर्षांची विदुषी, तक्रार घेऊन मोठ्या बाईंकडे गेले की मुलं घाबरून अंथरूण ओलं करतील. तशात नलूला ताप आला आणि तिचा वर्ग माझ्या गळ्यात पडला. भुतं पांढरी असतात, एवढं माझं ज्ञान. सगळ्यांना पांढरे कागद आणि पांढरा रंग वाटला. तासाभराने वर्गभर कोरे कागद वाळत पडले होते. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, भूत तो दिखताच नहीं." मी ठसक्यात सांगितलं, भुतं दिसत नसतातच.

बरी होऊन आल्यावर नलूने ते कागद बघितले आणि हसून हसून खाली बसली. मग हसू थांबवून म्हणाली, "सुमे, तू घाबरतेस, म्हणून त्यांना रंग देत नाहीस."

आदल्या वर्षी माझी आई गेली होती आणि सासरी मी कुणासमोर रडले नव्हते. त्या दुपारी नलूने मला पोरांच्या बाकावर बसवून काळा कालवायला लावला. लाल रंगच जास्त पडला... रागच होता तो.

निवृत्तीनंतर ती घरच्या पुढच्या खोलीत दर गुरुवारी वर्ग घ्यायची. तेरावं झाल्यावर सून म्हणाली, "मावशी, वर्ग आता बंदच करावा लागेल. शिकवणार कोण?"

"मी."

"तुम्हाला चित्रं येतात?"

"नाही. पण बिघडवायचा अनुभव दांडगा आहे."

पहिल्या गुरुवारी आठ मुलं आली. सहा वर्षांच्या गार्गीने विचारलं, नलूआजी भूत झाली का? खोटं बोलायचं नाही, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. म्हटलं, माहीत नाही गं, पण झाली असेल तर कुठल्या रंगाची? बरीच हमरीतुमरी होऊन पिवळा ठरला, कारण ती हसायची. मीही काढलं. कागद काठोकाठ पिवळा केला, मुद्दाम.

गार्गी माझ्या खांद्यावरून वाकली. "दादी, रस्ता तो छोड़ा ही नहीं."

"आज नाही सोडायचा."

तिला ते मुळीच पटलं नाही. ती ओलं फडकं घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता तिने कोपरा पुसून काढला. मी अडवलं नाही. माझ्यापेक्षा तिलाच नलू जास्त कळली होती...

तो कागद नलूच्या खुर्चीमागे टांगलाय. कोपरा पुरता कोरा झाला नाही, पिवळट राहिलाय. जायचं असेल तर जाईल बापडी. वर्ग मात्र गुरुवारी चारला भरणार.