कन्हानला धुकं आहे म्हणे

कृष्णकांत मोहित्यांनी मोजणी खात्यात तीस वर्षं काढली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारी माणसं टेपचं टोक धरतानाही कशी खोटं बोलतात, हे पाहून त्यांचा माणसांवरचा विश्वास रीतसर संपला. निवृत्तीनंतर त्यांनी निसर्गाचे फोटो काढायला घेतले. नदी-डोंगर हद्द सरकवत नाहीत म्हणून. हवा सरकते, हे नंतर कळलं.

तेव्हापासून नागपुरातल्या नंदनवन भागातल्या घरी रोज संध्याकाळी ते फोनवर हवामानाचे तीन अंदाज उघडत आणि वहीत उतरवून घेत. तिघांत फरक पडला की समाधान वाटे. तिघं एकच बोलले, की यांचं आपसात ठरलेलं दिसतं, अशी शंका येई. फोटोला कुठं निघालो, हे ते बायकोला, यमुताईंनाही खरं सांगत नसत.

छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात सात वर्षांत त्यांचा एकही फोटो लागला नव्हता. यंदा कन्हान नदीवरचं धुकं द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं आणि मंडळात एकदा चुकून बोलूनही गेले होते. मुदत रविवारी दुपारी संपत होती.

शुक्रवारी अवकाळी पाऊस झाला. शनिवारी आभाळ निवळलं, वारा पडला, आणि तिन्ही अंदाजांनी कन्हानला पहाटे दाट धुकं सांगितलं. हे खटकलंच. त्यात मंडळातल्या स्वानंदचा फोन आला.

"काका, उद्या कन्हानले या. धुकं पक्कं आहे. मी पुलाजवळ जागा धरून ठेवतो."

"तू मले काहून सांगून राहिला?"

"तुम्हाले पाहिजे होतं ना."

इतक्या सरळ उत्तरामागं काहीतरी असणारच. स्वानंदलाही प्रदर्शनात फोटो द्यायचा होता. त्याचं घर सक्करदऱ्याला. म्हणजे म्हाताऱ्याला कन्हानला पिटाळायचं आणि घराजवळचं तळं आपण गाठायचं. कृष्णकांतरावांना हिशेब एकदम सुटल्यासारखा वाटला.

रविवारी उजाडायच्या आत ते सक्करदरा तळ्यावर कॅमेऱ्याची तिवई लावून उभे होते. उजाडलं तेव्हा पलीकडच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडेसुद्धा स्वच्छ दिसत होते. स्वानंद कुठंच नव्हता.

सातला त्याचाच फोन आला. काका कुठं राहिले, म्हणत होता. वाटेत अडकलोय, असं सांगून कृष्णकांतरावांनी आधी तिथला फोटो मागवला. आला. अर्धा पूल धुक्यात विरघळलेला, खाली एकटी होडी. त्यांनी फोटोवरची तारीख तपासली, वेळ तपासली. सहा बावन्न, आजचीच.

"लवकर या काका, निवळून राहिलं. पंधरा मिनिटं टिकलं तर टिकलं."

तिथून कन्हान पाऊण तासावर होतं.

ते घरी आले. मंडळाचा अर्ज कोराच टेबलावर ठेवला. घडलेलं त्यांच्याकडून ऐकून यमुताईंनी चहा देत विचारलं, स्वानंद खोटं बोलला होता का.

"नाही. खरं बोलला," कृष्णकांतराव तक्रारीच्या सुरात म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "पण काहून बोलला असंल?"