आमच्याकडे तर नीट दिसतंय

दुपारी एक वेबसाइट तपासत होते. माझ्या ब्राउझरमध्ये पान देखणं दिसत होतं. दुसऱ्यात उघडलं, तर ‘संपर्क’चं बटण घसरून फोटोवर जाऊन बसलेलं. काम देणाऱ्या बाईंना कळवलं, तर म्हणाल्या, “आमच्याकडे तर नीट दिसतंय.” या कामात हे वाक्य सारखं ऐकावं लागतं आणि दर वेळी चीड येते. तुमच्याकडे दिसतंय हो. पण जिथे मोडलंय, तिथे कोण बघणार?

बटण जागेवर आणेपर्यंत आईच्या व्हिडिओ कॉलची वेळ झाली. सवयीने मी खुर्ची फिरवली. तशी बसले की मागे फक्त भिंत दिसते; न आवरलेला पलंग आणि कालचं ताट दिसत नाही.

“छान दिसतेयस गं,” आई म्हणाली.

तिच्याही मागे भिंतच होती. बाबा गेल्यापासून रोज तीच भिंत असते, हे माझ्या आज लक्षात आलं.

“आई, फोन जरा फिरव ना. घर बघू दे.”

ती हसली. फोन तिने हलवला नाही.

“घरात काय बघायचंय? सगळं जागच्या जागी आहे.”