आत्याची टाळू

वेल्ह्याच्या वरच्या वाडीतून भीमाआत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नसरापूरच्या बाजारात होते. तापानं गेली, एवढंच सांगणारा म्हणाला. मनात पहिल्यांदा आलं ते हे, की म्हणजे त्या जुन्या दुखण्यानं नेलं नाही तिला...

ते दुखणं गौरा, तिची लेक, तान्ही होती तेव्हाचं. माझ्या वडिलांची, आबांची, ही धाकटी बहीण वाडीवर मेंढरं राखायची. भाकरी खाताना तिच्या जिभेला टाळूवर हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून तिनं बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. पुढं बायका म्हणाल्या, मिश्रीनं झालं असेल. आत्यानं तर मिश्री कधी लावलीच नव्हती. गाठ वाढली तशी आबांनी तिला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी तुकडा तपासला. टाळूत लाळेच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या एकीचा हा कर्करोग, क्वचित दिसणारा, असं त्यांनी समजावलं. काढायचा तर टाळूही थोडी जाईल, बोलणं बिघडेल. आत्यानं विचारलं, "भाकरी खाता येईल न्हवं? मग काढा. पोर अजून रांगतीया."

गाठ काढल्यावर पाणी प्यायलं की नाकातून यायचं. लेकीला हाक मारायला जावं, तर नुसता हुंकार निघायचा. पोर बिचकून जवळ येईना. जखम भरल्यावर दातांच्या डॉक्टरांनी टाळूचं भोक झाकणारी रबराची कवळी करून दिली. ती बसवून आत्या, पोर ठेवली होती त्या आमच्या कामथडीच्या घरी आली आणि ओट्यावरच्या पोरीला म्हणाली, "गौरे, हिकडं ये." आवाज गेंगाणा होता, पण शब्द कळला. गौरा बघत राहिली, मग दुडुदुडु येत तिच्या मांडीवर चढली. आबा उठून गोठ्यात गेले.

दुखणं परत उलटू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्या दर उन्हाळ्यात दाखवायला जायची. ते उलटलं नाही. गौराचं लग्न झालं, नातवंडं झाली, आणि त्यांना रागावण्याइतकं आत्याला छान बोलता यायचं.

परवा वाडीवर गेले. गौरा दारातल्या उन्हात एकेका पोराची हनुवटी वर करून टाळू बघत होती. आत्या घरी येईल त्याला असंच बसवायची म्हणे. माझ्याकडं वळून गौरा म्हणाली, "आक्का, तुमीबी बसा हितं."

मी उन्हाकडं तोंड करून बसले आणि आ केला.