जयंतरावांचा फाइव्ह नाइन

देवास गेटच्या फ्लॅटमध्ये जयंतरावांनी बारा वर्षं हौसेनं हॅम रेडिओचा बिनतारी संच चालवला, म्हणजे बहुतेक खरखरच ऐकली. खाली दुकानांचे दिवे, खिडकीशी ट्रान्सफॉर्मर, वर शेजाऱ्यांचे इन्व्हर्टर. उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला माणूस, पण त्या खरखरीपुढे त्यानं हात टेकले होते.

तरी रोज सकाळी सातला ग्वाल्हेरचे भय्यासाहेब हवेवर आले, की जयंतराव बिनदिक्कत ठोकून द्यायचे, "फाइव्ह नाइन." म्हणजे शब्द न् शब्द कळतोय, आवाज खणखणीत. हॅम मंडळींत ही रीतच. समोरच्याला कमी मार्क द्यायचे जिवावर येतं. निम्मं कळलं नाही तरी "वा, उत्तम" म्हणायचं आणि शेवटी "वहिनींना नमस्कार". दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच नाही. फोन नंबरही मुद्दाम घेतलेले नाहीत. फोनवर काय, कुणीही बोलतं.

गेल्या महिन्यात जयंतराव आणि वासंतीबाई भैरवगढच्या बाजूला राहायला आले. समोर छपाईच्या चादरी वाळत पडलेल्या, विजेचे खांब लांब. गच्चीवर अँटेनाची तार ताणली आणि पहिल्याच सकाळी भय्यासाहेबांच्या मागचं घड्याळसुद्धा ऐकू आलं. जयंतरावांना आभाळ ठेंगणं झालं.

ते सुख चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी भय्यासाहेब मध्येच म्हणाले, "थांबा जरा, कुकर उतरवून येतो." भय्यासाहेब आणि कुकर? जयंतरावांच्या घरभर येरझारा सुरू झाल्या. आणखी एक त्यांच्या लक्षात आलं. "वहिनींना नमस्कार" म्हटलं, की पलीकडे क्षणभर नुसतं घड्याळ वाजायचं आणि मग यायचं, "बरं."

"इतकी बेचैनी कशाची?" वासंतीबाईंनी विचारलं. "आता तर सगळं साफ ऐकू येतंय नं?"

"तेच तर."

"मग सीधं विचारून टाका नं त्यांना."

आठवडाभर त्यांनी टाळलं. जेवणात लक्ष नाही, झोप उडालेली. शेवटी एका सकाळी बटण दाबून म्हणाले, "भय्यासाहेब, विनोदिनीवहिनी कशा आहेत? ओव्हर."

घड्याळ वाजत राहिलं.

"विनोदिनी माघात गेली, जयंतराव. तुम्हाला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. घरात मुलांसमोर बोलवेना, म्हणून आधी तुम्हालाच सांगितलं. ओव्हर."

जयंतरावांनी पुन्हा बटण दाबलं. "मग मी काय म्हणालो?"

"फाइव्ह नाइन म्हणालात. वा, उत्तम, म्हणालात." भय्यासाहेबांच्या आवाजात राग नव्हता, त्याचीच जयंतरावांना जास्त शरम वाटली. "ऐकू आलं नसणार, ते समजलं मला. पण पुन्हा सांगायची हिंमत नाही झाली. जाऊ द्या. आज कसा येतोय मी? ओव्हर."

रेडिओवरच्या मीटरचा काटा नऊच्याही पुढे गेला होता. बारा वर्षांत पहिल्यांदाच खरा फाइव्ह नाइन द्यायचा होता आणि तोच जयंतरावांच्या तोंडून फुटेना.