बाबांचा केक कोणी करायचा

लोकांच्या घरात वाढदिवसांचे फोटो साठतात, आमच्या घरात किस्से साठले आहेत. बँकेत चहाच्या वेळी कोणी केक आणला की माझ्या मैत्रिणी केककडे बघायच्या आधी माझ्याकडे बघतात. "सांग गो, तो कुकरवालो सांग." मी सांगते. सांगताना त्यांच्याबरोबर हसतेसुद्धा. पण ते घडत होतं तेव्हा मी अजिबात हसत नव्हते. मी जळत होते. म्हणून आज सगळे एकदम सांगते, जळण्यासकट.

माझं सासर आणि माहेर दोन्ही मालवणातच. मध्ये फक्त बाजार. माहेरी बाबा, माझा धाकटा भाऊ राजन आणि त्याची बायको अश्विनी. किस्से या चौघांचेच, म्हणजे मला धरून.

* * *

पहिला किस्सा अश्विनी यायच्या खूप आधीचा.

बाबा एसटीत कंडक्टर होते. आई होती तोवर त्यांच्या वाढदिवसाला घरी शिरवाळे व्हायचे, तांदळाच्या शेवया आणि नारळाचा गोड रस. मी कॉलेजात असताना आई गेली. त्या वर्षीचा मे महिना आला आणि बाबांचा वाढदिवस तोंडावर आला. शिरवाळे मला येत नव्हते, आणि आईच्या साच्याला हात लावायचा धीरही होत नव्हता. मग मी ठरवलं, केक करायचा.

ओव्हन कुठला असणार आमच्याकडे? एका मासिकात वाचलं होतं की जाड पातेल्यात वाळू तापवायची आणि त्यात केकचा डबा ठेवायचा. आमच्याकडे वाळूला काय तोटा! किनाऱ्यावर गेले आणि बादली भरून आणली. ती आधी धुवायची असते हे मासिकात लिहिलं नव्हतं. वाळू तापली तसा घरभर सुकत घातलेल्या मासळीचा वास सुटला.

बाबा ड्युटीवरून आले. त्यांनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली, केकचा तुकडा नाकाशी नेला आणि गंभीरपणे विचारलं, "केकात सुंगटा घातलंस काय गो?"

सुंगटा म्हणजे कोळंबी. आधी राजनला हसू फुटलं, मग मला, मग बाबांना. आई गेल्यानंतर त्या घरात आम्ही तिघं एकत्र हसलो ते त्या दिवशी. बाबांनी तो केक संपवला. तेव्हापासून बाबांचा केक म्हणजे माझा केक, हे ठरून गेलं. माझं लग्न झालं तरी मी तो सासरी करायचे आणि बाजार ओलांडून माहेरी न्यायचे. त्यात कोणी वाटेकरी येईल असं मनातही आलं नव्हतं.

* * *

मग अश्विनी आली. कुडाळची मुलगी, कामाला चपळ, बोलायला गोड. येताना स्वतःचा ओव्हन घेऊन आली.

त्या वर्षी मी नेहमीसारखा माझा केक घेऊन गेले, तर टेबलावर आधीच एक केक होता. पांढराशुभ्र, क्रीमचा, कडेने फुलं, वर बाबांचं नाव. त्याच्या शेजारी माझा तपकिरी केक ठेवला तेव्हा तो नवरीच्या बाजूला उभ्या केलेल्या करवलीसारखा दिसायला लागला. करवलीचं तरी कौतुक होतं.

बाबांनी दोन्हीकडे बघितलं आणि तिकिटं फाडायच्या जुन्या सवयीने म्हणाले, "दोन हाफ."

सगळे हसले. राजनने फोटो काढला. नंतर तो घरच्या ग्रुपवर आला तेव्हा माझा केक त्यात अर्धाच होता, आणि त्या अर्ध्यावर कोणाची तरी बशी.

"कसो झालो, ताई?" अश्विनीने विचारलं.

"छान. थोडा गोड झालाय."

"केक गोडच असता, ताई."

तिने ते अगदी सरळ मनाने म्हटलं होतं. मला ते वर्षभर पुरलं.

* * *

पुढच्या वर्षी मीही क्रीमचाच केक करायचा ठरवला. नवरा म्हणाला, "मे महिना आहे. क्रीम टिकेल का?"

"तुला तिचा केक जास्त आवडला का?" मी विचारलं. त्याने क्रीम आणून दिलं.

वाढदिवसाला तो स्कूटर चालवत होता, मी मागे डबा मांडीवर घेऊन बसले होते. बाजारात बर्फाचा टेंपो आडवा लागलेला. आम्ही त्याच्या मागे उन्हात उभे, आणि पुढे बर्फ वितळतोय, माझ्या मांडीवर केक. माहेरी पोचून डबा उघडला तर वरचा थर खालच्या थरावरून उतरून निघाला होता, जणू त्याचा स्टॉप आला होता.

मला रडायला येत होतं. अश्विनीने डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि फ्रीजमध्ये ठेवला. जरा वेळाने तो बाहेर काढून तिने थर सरळ केला, सुरीने क्रीम सारखं केलं आणि कडेने हापूसच्या फोडी लावल्या. इतका देखणा केक माझ्या हातून आजवर झाला नव्हता. तो माझ्या हातून झालाच नव्हता म्हणा.

बाबा खाऊन म्हणाले, "यंदा अश्विनीचो केक बरो झालो."

मी अश्विनीकडे बघितलं. ती गप्प राहील अशी माझी खात्री होती. मनातून तशी इच्छाच होती, म्हणजे तिच्यावर हक्काने रागावता आलं असतं.

"ताईंचो आसा तो, बाबानू," ती म्हणाली.

आता तिचा चांगुलपणाही सहन करायचा होता.

* * *

आता कुकरवाला.

पुन्हा मे महिना, पुन्हा वाढदिवस. माझा केक सकाळीच कुकरमध्ये तयार झाला होता. दुपारी घरातला पंखा बंद पडला. लाइट गेली. घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी मला एकदम गार वाटलं. कारण त्याच वेळी बाजारापलीकडे अश्विनीचा केक ओव्हनमध्ये असणार हे मला माहीत होतं.

दहा मिनिटंही झाली नसतील, राजनचा फोन आला. "तुझो कुकर घेवन ये. हिचो केक कच्चोच रवलो."

गेले. काय करणार? तळाला मीठ घालायचं, वर ताटली, झाकणाची शिटी काढायची, सगळं तिला दाखवलं. मग आम्ही दोघी गॅससमोर पाट टाकून बसलो. ती पदराने मला वारा घालत होती.

"झालो तां कळता कसां?"

"वासावरून," मी म्हटलं. एवढं तरी मला तिच्यापेक्षा जास्त येत होतं.

वास आला, मी गॅस बंद केला, झाकण काढलं. आत तिचा केक असा फुगलेला की डब्याच्या काठावरून बाहेर डोकावत होता. कुकर माझा, मीठ माझं, नाक माझं. आणि केक तिचा.

बाबांनी दोन्ही केक शेजारी शेजारी ठेवून बघितले. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खरंच काळजीने विचारलं, "कुकरात इतको फुगता? मगे तुझो कित्या फुगणा नाय?"

बँकेत हा किस्सा इथे संपतो आणि सगळ्या हसतात. त्या दिवशी मी जेवायला थांबले नाही, हे मी तिथे सांगत नाही.

* * *

त्यानंतर बाबांना साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं.

मी खजूर घालून नाचणीचा केक केला. अश्विनीने बदामाचा केला. बाबांनी दोन्हीतला एकेक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "दोनय बरे आसत." भरलेल्या गाडीच्या दारातून ते माणसांना "मागची गाडी येताच आसा" म्हणायचे, तोच आवाज.

पण काही दिवसांनी अश्विनीचा मला बँकेत फोन आला. आवाज अगदी दबलेला. "ताई, बाबा खंय तरी केक खातत."

"कशावरून?"

"फिरून इले काय शर्टाक चुरो असता. आणि वास येता. लोण्याचो."

इतकी वर्षं मी हिच्यावर जळत होते. त्या क्षणी आम्ही दोघी मिळून तिसऱ्याच कुणावर तरी जळायला लागलो. दुसऱ्या दिवशी मी बँकेतून लवकर निघाले आणि आम्ही बाबा ज्या वाटेने फिरायला जातात त्या वाटेने गेलो. शोधायला लागलंच नाही. वळणावर लुईझा टीचरचं घर. टीचरनी मला शाळेत शिकवलेलं. निवृत्त झाल्यापासून एकट्याच असतात. दारातच वास आला, रवा, खोबरं आणि लोणी.

त्यांनी आम्हाला बसवलं आणि न विचारता दोन बशा भरून आणल्या. मी एक घास खाल्ला. अश्विनीनेही खाल्ला. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींना कळलं की हे आपल्याला जन्मात जमणार नाही.

"टीचर, बाबांना साखर आहे," मी शेवटी म्हणाले.

टीचरनी गालावर हात ठेवला. "अगो बाय माझे. आणि मी रोज त्यांना वाढते आहे."

"रोज?"

"ते म्हणाले, घरात केक करणारं कोणीच नाही."

परत येताना आम्ही दोघी तरातरा चालत होतो. घरी गेल्यावर दोघींनी मिळून बाबांशी अबोला धरला. नणंद-भावजयीने असं एकदिलाने काही केल्याचं आमच्या घरातलं ते पहिलंच उदाहरण.

* * *

शेवटचा किस्सा यंदाच्या मार्चमधला. हा मी बँकेत अजून सांगितलेला नाही.

सुट्टी होती म्हणून माहेरी गेले, तर अश्विनी केक करत होती. खरा केक. साखर, लोणी, वर भरपूर काजू. घरात कोणाचाच वाढदिवस नव्हता.

"कोणाचो गो?"

"अण्णांचो," ती म्हणाली.

अण्णा म्हणजे तिचे वडील. कुडाळच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. राजन आणि अश्विनीचं लग्न त्यांच्या मर्जीविरुद्ध झालं. लग्नाला ते आले नाहीत आणि तेव्हापासून तिच्याशी बोललेले नाहीत.

"ते घेणार आहेत का?"

"मी नेतंय खंय? दरवर्षी करतंय आणि शेजारी वाटतंय."

दरवर्षी. मी तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि घासायला लागले.

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"साखर घातलंस?" त्यांनी विचारलं.

"होय, बाबानू."

"लोणी?"

"होय."

"आणि माका नाचणी."

ते आत निघून गेले. चहाला हाक मारली तर आले नाहीत. माझे बाबा कोणावर तरी जळताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि माझा चेहरा इतकी वर्षं कसा दिसत असेल ते मला कळत होतं. थोड्या वेळाने ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "रिक्षा बोलव गो. कुडाळाक जावया."

"कित्या?"

"बघूया तरी, जेच्यासाठी माझी सून साखर घालता तो माणूस आसा कसो."

अश्विनी घाबरली. "ते बोलाचे नाय, बाबानू."

"मी बोलूक जातंय खंय? मी केक पोचवूक जातंय."

रिक्षात केकचा डबा त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. पूर्ण रस्ता आम्हा दोघींपैकी कोणाला हात लावू दिला नाही. कुडाळला बाजाराचा दिवस होता. दुकानाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे रिक्षा थांबली. अश्विनी उतरली आणि तिथेच उभी राहिली. पुढे येईना. मग बाबा आणि मी रस्ता ओलांडला.

अण्णा गल्ल्यावर बसले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं, पण या म्हणाले नाहीत. बाबांनी डबा त्यांच्यासमोर ठेवला.

"वाढदिवस आसा मा तुमचो? केक आसा. माझ्या सुनेन केलो."

एक बाई आली, कढई उलटीसुलटी करून बघितली आणि निघून गेली. बाबा तिथेच उभे.

"माका हेच्यातलो देणत नाय," बाबा म्हणाले. "माका साखर आसा. तुमका आसा?"

"नाय," अण्णा म्हणाले.

"मगे नशीबवान आसास."

अण्णांनी डबा उघडला. मग मागे हात करून फळीवरची एक नवी कोरी स्टीलची ताटली घेतली, खांद्यावरच्या टॉवेलने पुसली, केकचा तुकडा कापून तिच्यात ठेवला आणि ताटली बाबांच्या पुढे सरकवली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी दुकानातल्या कळशा बघायला लागले. बाबांनी तो तुकडा खाल्ला.

मग अण्णांनी स्वतःसाठी कापला. सावकाश खाल्ला. काजू वेगळा काढून शेवटी तोंडात टाकला. खाऊन झाल्यावर हात पुसले आणि माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे बघितलं. अश्विनी रिक्षाला टेकून, ओढणी डोक्यावर घेऊन उभी होती.

"तिका सांग," ते मला म्हणाले, "भायर ऊन आसा."