चाकाचा कीस

कुठलीही वस्तू हातात आली की मेस्त्री ती आधी तळहातावर तोलून बघत. नारळ असो, पापलेट असो, नाहीतर घड्याळ असो. हात जरासा वर, जरासा खाली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मग निकाल: "वजन हाय." किंवा मग नुसतंच तोंड वाकडं. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी अशीच तोलली आणि परत माझ्याच हातात ठेवली. "भाऊ, कागद जरा जाड घ्यायचा व्हता. वाऱ्यानं उडंल लगीन." मला असा राग आला होता! पण त्या लग्नात मांडवात सगळ्यांच्या आधी आले तेही मेस्त्रीच आणि भांडी घासून होईपर्यंत थांबले तेही मेस्त्रीच, त्यामुळे राग धरून बसता येईना.

रेवदंड्याला आमची घरं शेजारी-शेजारी. मध्ये कमरेएवढा दगडी गडगा, त्यावरून वाटीतली आमटी इकडून तिकडे जायची. मी रोज अलिबागला कचेरीत जाणारा, आणि ते खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे. तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेलच. त्याच्याशी बोलताना आपण मनात हसतो आणि घरातलं काही बिघडलं की पहिला त्यालाच हाक मारतो.

वजनाचं हे वेड त्यांना होड्यांमुळे लागलं होतं. इंजिनाच्या दांड्याला एक जड चाक असतं. सगळे त्याला फ्लायव्हील म्हणतात, मेस्त्री नुसतं चाक म्हणायचे. चाक जड असलं की इंजिन उठायला आळशी, पण एकदा फिरायला लागलं की सहसा अडखळत नाही. "लाटेत पंखा पाण्याभायेर येतो, भाऊ. तवा चाकाचं वजनच माणसाला घरी आनतं," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की आमची ही स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य पुरं करायची.

त्यांना एकच मुलगा. उंच, हसरा, आणि वजनाच्या बाबतीत बापाच्या अगदी उलट. किहीमच्या एका बंगल्यात खाऱ्या हवेने गंजत पडलेली छोटी डर्ट बाइक त्याने मालकाकडून मागून आणली आणि पडवीत बसून चालती केली. शिमग्याच्या सुमारास ओहोटीला वाळूवर पोरांच्या शर्यती लागतात. त्यात हा दरवर्षी मागे राहायचा. वळणावर इतरांच्या गाड्या उसळून पुढे जात, याची आपली सावकाश वेग घेई.

"बाबा, चाकाचं वजन काढून द्या. एवढंच करा," तो म्हणायचा.

"वजन हाय म्हनून घरी येतोस."

"घरी येतो, पन शेवटचा येतो!"

मेस्त्री हसायचे. "शिमगा जवळ आला की बघू."

बापलेकांचा हा वाद गडग्याअलीकडे आम्हाला फुकटात ऐकायला मिळायचा. मी मुलाच्या बाजूने असायचो, आमची ही मेस्त्रींच्या.

तो गेला त्या वर्षी शिमगा जवळच आला होता. वडखळच्या पुढे, मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून येत होता. गाडी मित्राची, चालवणारा मित्र, आणि पडला हा. त्याची स्वतःची बाइक तेव्हा पडवीत उभी होती, धुऊन पुसून.

दिवसकार्य झाल्यावर एके संध्याकाळी पलीकडून आवाज यायला लागला. किर्र, किर्र. गडग्यावरून पाहिलं तर मेस्त्री पडवीत बसलेले. बाइकचं इंजिन उघडून त्यांनी चाक बाहेर काढलं होतं, ते वाइसच्या लोखंडी जबड्यात घट्ट धरलं होतं आणि कानशीने त्याची कड घासत होते. मला बघून म्हणाले, "शिमगा जवळ आला की बघू म्हनालो व्हतो ना त्याला."

मी घरात येऊन दार लावून घेतलं.

पोलादाचं चाक हाताने घासायचं हे काम किती चिवट असतं ते मला तेव्हा कळलं. तास न् तास घासावं तेव्हा चिमूटभर कीस पडायचा. तो कीस चाकातल्या चुंबकाला चिकटायचा, मग मेस्त्री बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीने तो निगुतीने पुसून घेत आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यात झटकत. मग चाकाच्या भोकातून सळई घालायची, सळई दोन पट्ट्यांच्या धारेवर ठेवायची आणि चाक सोडून द्यायचं. जी बाजू जड ती खाली येऊन थांबते. "ह्या अंगाला भारी हाय," म्हणायचे आणि ती बाजू घासायचे. जरा जास्त घासली जायची. मग दुसरी बाजू खाली यायची.

शिमगा आला आणि गेला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या, मेस्त्रींना खाडीवरचं काम उरलं नाही, आणि मग दिवसभर किर्र किर्र. माझे दात शिवशिवायचे. शेवटी एकदा मी म्हणालो, "मेस्त्री, अलिबागला लेथचं मशीन आहे. तासाभरात करून देतील, तेही अगदी सारखं."

त्यांनी कानस खाली ठेवली. "व्हय, तासाभरात व्हईल," म्हणाले. "मंग मी काय करू?"

त्याच दिवशी वहिनी गडग्यापाशी आल्या. बाजारातून मासे विकून आलेल्या, टोपली अजून काखेत. "भावोजी, त्यांना लवकर करा म्हनून सांगू नका. त्ये घासतात तवर जेवतात. मी आतून आवाज ऐकते. आवाज हाय तवर माजं माणूस हाय." त्यानंतर मी त्या आवाजाबद्दल घरात कुरकुर केली नाही. उलट कचेरीतून आलो की चपला काढायच्या आधी तिकडे कान लावायचो.

चाक पातळ होत चाललं. बोटं सोलवटली, त्यांना चिंध्या बांधल्या. आणि नेमकं हेच मुलाच्या दोस्तांना बघवलं नाही. चांगली पोरं होती हो, त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. पावसाळा सरताना एका होडीच्या तयारीसाठी मेस्त्री खाडीवर आणि वहिनी बाजारात असताना त्यांनी चाक उचललं, अलिबागला नेलं, लेथवर सारखं करून आणलं, इंजिनात बसवलं आणि बाइक अंगणात उभी करून पोरं मेस्त्रींची वाट बघत थांबली. रविवार होता, मी घरी होतो. पोरांचा गलका ऐकून अंगणात आलो.

मेस्त्री आले. रिकाम्या वाइसकडे बघितलं, मग बाइककडे.

"काका, तुमचं काम पुरं केलं," एकजण म्हणाला. "मारा किक."

त्यांनी किक मारली. इंजिन पहिल्याच फटक्याला उठलं आणि पूर्वी कधी ऐकला नव्हता अशा बारीक, चढ्या आवाजात ओरडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेस्त्रींनी मुठीवरचा हात काढला. इंजिन बंद पडलं. पुन्हा किक, पुन्हा तो आवाज, हात काढला की बंद.

"हात काढला की मरतंय," ते म्हणाले.

"हलकं केल्यावर तसंच होतं, काका. रेस देत ऱ्हायाचं."

मग त्यांनी रेस दिली. सोडलीच नाही. पोरं आधी हसत होती, मग एकेक करून निघून गेली. वहिनी बाजारातून आल्या आणि टोपली डोक्यावर तशीच ठेवून अंगणाच्या तोंडाशी थांबल्या. पेट्रोल संपलं तेव्हा इंजिन आपणच थांबलं. मेस्त्रींनी मूठ सोडली, बाइकवर ताडपत्री टाकली आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर आवाज आला नाही. होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, खाडीवरून माणसं बोलवायला यायची, तर मेस्त्री "उद्या येतो" म्हणायचे आणि पडवीत बसून राहायचे. वहिनी ताट पुढे ठेवायच्या आणि तसंच उचलायच्या. एकदा मी मुद्दाम मोठा, ताजा नारळ नेऊन त्यांच्या हातात दिला. वाटलं, सवयीने तरी हात वर-खाली होईल. त्यांनी तो बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ द्या तिथं, भाऊ." मला तेव्हाच भीती वाटली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. वहिनींनी ते ऐकून घेतलं आणि वाइसकडे बघत राहिल्या.

बाइक त्यांनी पोरांना देऊन टाकली. यंदाच्या शिमग्याला ती वाळूवर पळाली, तो बारीक आवाज आमच्या घरापर्यंत आला. कितवी आली ते मी विचारलं नाही.

परवा वहिनींनी गडग्यावरून हाक मारली. पडवी आवरताना त्यांना तो चहाचा डबा सापडला होता. "भावोजी, झाकण निघत न्हाय." मी पेचकस घालून उचकटलं. खाऱ्या हवेने सगळा कीस गंजून एकमेकांना धरून बसला होता. डबा उलटा केला तरी कणभर पडेना. तांबडा, घट्ट, एकच गोळा झाला होता आत.

"टाकायचा कुठं ह्यो?" त्या म्हणाल्या.

मी डबा तळहातावर घेतला. हात जरासा वर गेला, जरासा खाली आला. मी मुद्दाम केलं नव्हतं. वहिनींची नजर माझ्या हातावर होती.

"हाय वजन?" त्यांनी विचारलं.

"हाय, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हात पुढे करून डबा माझ्याकडून घेतला आणि आत नेला.