फलकावरच्या तीन ओळी

डांबर फासलेला तो फलक अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या प्रकरणात आरोपी कोण आणि फिर्यादी कोण, हे मला शेवटपर्यंत धड ठरवता आले नाही.

तेव्हा मी नाशिक जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, शाळेपुढच्या फौजीच्या फलकाला कोणीतरी डांबर फासलंय. उद्या अनावरण हाय. लोक लय तापलेत."

हे फौजी दोन वर्षांपूर्वी वारले होते. एकाहत्तरच्या युद्धात पकडले गेले आणि वर्षभर शत्रूच्या कैदेत राहिले. गावाने कमिटी नेमून त्यांच्या सन्मानासाठी फलक उभारला होता.

पंचनामा करताना मी ओळी मोजल्या. एकूण अकरा. डांबर फक्त सातव्या ते नवव्या ओळीवर, तेही सरळ रेघेत. नाव, पलटण, तारखा स्वच्छ.

गावाचा संशय निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवारावर होता. फलकाच्या जागेवरून त्याने भांडण काढले होते. त्याला ठाण्यात बोलावून सव्वा तास चौकशी केली. शेवटी तो वैतागला.

"साहेब, मला खुन्नस काढायची असती तर अख्खा डबा ओतला असता. रेघा मारत कशाला बसलो असतो? मी काय पेंटर हाय?"

त्याचे म्हणणे पटले. मग मी पाटलाकडून मूळ मजकूर मागवला. झाकलेल्या ओळी अशा होत्या: शत्रूने वर्षभर उपाशी ठेवले. दहाही बोटांची नखे उपटली. औषधपाणी नाकारले.

दुपारी हवालदाराला घेऊन फौजींच्या पत्नीचा जबाब घ्यायला गेलो. सत्तरीच्या बाई, ओसरीवर गहू निवडत होत्या.

"आजी, तक्रार कोणाविरुद्ध लिहू?"

"माझ्याविरुद्ध लिहा. पत्र्याच्या गळतीसाठी आणलेलं डांबर होतं. दिवस उजाडायला जाऊन लावलं."

मी कारण विचारले.

"शेवटची तीन वर्षं हे अंथरुणावर होते. नखं मी कापायची. उपटलेलं नख वाकडंतिकडं उगवतं, ह्यांची दहाच्या दहा सरळ होती. पहिले आठ दिवस मारलं ह्यांना, ते सांगायचे. पण मारलं तेवढंच सांगायचे, एक फटका जास्त नाय. पुढं तिकडच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं रोज पट्टी बदलून ह्यांचा पाय वाचवला. आपल्या ताटातली रोटी दिली. दर सर्वपित्रीला हे त्याच्यासाठी एक पान वेगळं वाढायचे."

"तो मेला हे कसं कळलं?" हवालदाराने विचारले.

"नाय कळलं. हे म्हणायचे, मेला असला तर पोचलं, जिवंत असला तर जेवला."

"हे कमिटीला सांगितलं का?" मी विचारले.

"तीनदा. म्हणे, आजी, गप बसा, लोकांना हे आवडायचं नाय. हे जन्मात खोटं बोलले नाय, साहेब. मेल्यावर कशाला बोलायला लावता?"

मी ठाण्यात परतलो. गुन्हा नोंदवला तर कारण लिहावे लागणार, आणि कारण कळले की गाव फौजींनाच शत्रूचा मित्र ठरवणार. नोंदवला नाही तर त्या उमेदवारावरचा डाग तसाच राहणार. स्टेशन डायरी उघडून पंचवीस मिनिटे बसलो. एक ओळ लिहिता आली नाही.

संध्याकाळी आजीच ठाण्यात आल्या. "त्या माणसाला लोक शिव्या देतायत. त्याचा काय दोष? उद्या मीच बोलते."

अनावरणाला सहा जणांचा बंदोबस्त लावला. आजींनी दोन्ही हात वर करून बोटे दाखवली आणि सगळे सांगितले, कंपाउंडरसकट. दीडशे खुर्च्यांपैकी साठेक रिकाम्या झाल्या. टाळी एकही नाही. पडलेला उमेदवार मात्र शेवटपर्यंत बसून होता. ग्रामपंचायतीने तक्रार दिली नाही. नवा फलक आठ ओळींचा झाला.

आजींनी डांबर लावले ते बरोबर की चूक, मला आजही सांगता येत नाही. माझ्यापुरता एक बदल झाला. मारहाणीच्या जबाबात आम्ही सवयीने 'बेदम मारहाण' लिहितो. फिर्यादीलाही ते बरे वाटते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी तो शब्द लिहू दिला नाही. किती फटके, कशाने, कुठे, तेवढेच लिहायचे.

हवालदार कुरकुरायचा, "साहेब, अशानं केस हलकी होते."

व्हायची. दोन आरोपी त्यामुळे सुटले, असे सरकारी वकिलांनी मला तोंडावर सांगितले. खरे तेवढेच लिहून आरोपी सुटला तर ते बरोबर का, हे आजींना विचारायला हवे होते. त्या गावावरून चार वेळा गेलो, पण गाडी थांबवली नाही.